नकाशावरचा बाण

गेली वीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवतो. आफ्रिकेचा पाठ आला की फळ्यावर नकाशा काढायचा, कॅमेरूनपासून दक्षिण टोकापर्यंत एक ठसठशीत बाण ओढायचा आणि सांगायचे, “बांटू लोक लोखंडाची हत्यारे घेऊन आले, मूळचे शिकारी वाळवंटात पळाले.” मुले लिहून घेत, परीक्षेत दोन गुण मिळत. ते वाक्य मी आता मागे घेतो आहे.

‘बांटू’ हे कोणा एका जमातीचे नाव नव्हे. केपटाऊनला राहिलेले जर्मन पंडित विल्हेल्म ब्लीक यांनी १८६२ साली तुलनात्मक व्याकरणाचा पहिला भाग छापला, तेव्हापासून एका भाषाकुळाचे ते नाव रूढ झाले. झुलूत माणूस म्हणजे ‘उमुन्तू’, माणसे म्हणजे ‘अबान्तू’. दूर पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत तेच ‘म्तू’ आणि ‘वातू’. अशा सुमारे पाचशे भाषा आहेत. त्यांचे मूळ घर नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवर. तेथून चार-पाच हजार वर्षांपूर्वी माणसे निघाली. निघाली म्हणजे फौज निघाली नव्हे. जमीन थकली, भाऊबंदकी झाली, की एखादे घराणे पुढच्या खोऱ्यात जात असावे. निघताना त्यांच्यापाशी लोखंडही नव्हते. ते वाटेत हाती आले, तशीच पूर्वेकडे ज्वारी आणि गुरे. (आपली ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिकेचीच, हे भाकरी मोडताना कोणाच्या ध्यानात येते?)

आणि ते ‘पळालेले’ शिकारी? दक्षिणेतल्या खोसा आणि झुलू भाषांत जिभेने टिचकी मारल्यासारखे उच्चार आहेत. बांटू भाषांच्या मूळ ठेवणीत ते नाहीत. ते खोइ आणि सान लोकांचे. नुसत्या पळून गेलेल्या माणसांचे उच्चार मागे राहत नाहीत. त्यांच्या मुली या घरांत सुना म्हणून आल्या. खोसांच्या आईकडच्या वंशात त्यांचा मोठा वाटा आढळतो. सुनेने सासऱ्याच्या नावातले अक्षरही उच्चारायचे नाही, असा तिकडे ‘ह्लोनिपा’ नावाचा रिवाज. अडलेल्या अक्षराच्या जागी माहेरची टिचकी घातली गेली, असा भाषापंडितांचा तर्क आहे. जन्मभर आजोबांचे नाव न घेतलेल्या माझ्या आजीला तो चटकन पटला असता. अर्थात सगळीकडे सोयरीकच झाली असे नाही. जंगलातले ट्वा लोक पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांचे अंकित होऊन राहिले.

माझा बाण निदान अज्ञानाचा होता. दक्षिण आफ्रिकेत १९४८ ते १९९४ या वर्णद्वेषी राजवटीत पाठ्यपुस्तके सांगत की, १६५२ साली डच केपला उतरले त्याच सुमारास काळे लोक उत्तरेकडून आले. तोवर जमीन ओसाडच होती. त्याच राजवटीत, १९५० नंतरच्या दशकात, लायडेनबर्गजवळ एका शाळकरी मुलाला मातीच्या घडीव मस्तकांचे तुकडे सापडले. जोडल्यावर सात मस्तके झाली. वय इसवी सन ५०० च्या सुमाराचे. तरीही पुस्तकातला धडा बदलायला पुष्कळ वर्षे लागली.

‘खोसा’ हे लिहिणेही तसे चूकच. नागरीत त्या पहिल्या उच्चाराला अक्षर नाही. बैलांना पुढे काढताना गाडीवान गालाच्या आतून जिभेने जो आवाज काढतो, तो तिथे हवा. परवा वर्गात करून दाखवू लागलो, मला जमेना. मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तो पहिल्याच खेपेला काढला.