ढाल आणि झगा : एका जुन्या शब्दाची कथा



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें एखाद्या शब्दाचा इतिहास कां सांगावा, असें कोणास वाटेल. परंतु मंदिराचे दगड जशी मागील पिढ्यांची साक्ष देतात, तशीच शब्दही देतात. आणि ज्या शब्दाचा विचार आम्ही येथें योजिला आहे, तो रणांगणावर आणि वेदीजवळ असा दोन्ही ठिकाणीं वावरलेला आहे. तो शब्द म्हणजे 'मँटलेट'.

लॅटिन भाषेंत 'मांतेल्लुम' म्हणजे अंगावर घ्यावयाचा झगा. त्यापासून फ्रेंचांनीं 'लहान झगा' ह्या अर्थाचा शब्द घडविला. पुढें, किल्ल्यास वेढा घालणारे सैनिक ज्या मोठ्या लांकडी ढालीच्या आडून तटाकडे सरकत, त्या ढालीसही तेंच नांव पडलें. ही ढाल हातांत धरण्याची नव्हे. ती जाड फळ्यांची, पुष्कळदां चाकांवर बसविलेली, आणि जळत्या बाणांनीं पेटूं नये म्हणून कातड्यानें मढविलेली असे. झगा जसें अंग झांकतो तशी ही ढाल माणसांस झांकी. म्हणून नांव एकच. पोर्तुगीज भाषेंत 'मांतेलेते' ह्या एकाच शब्दानें ढाल व धर्माधिकाऱ्याचें वस्त्र, हीं दोन्ही ओळखलीं जातात. इटालियनांनीं मात्र शेवटचा स्वर बदलून भेद राखिला : 'मांतेल्लेत्तो' ही ढाल, आणि 'मांतेल्लेत्ता' हें वस्त्र.

हें वस्त्र गुडघ्यापर्यंत पोहोंचणारें, पुढून उघडें व बिनबाह्यांचें असून, हात बाहेर काढण्यास त्यास दोन चिरा असतात. 1969 सालीं, पोप सहावे पौल ह्यांच्या कारकीर्दींत निघालेल्या आज्ञेनें कार्डिनल व बिशप ह्यांच्या पोषाखांतून तें गळालें; आतां रोममधील मोजक्या अधिकाऱ्यांपुरतेंच तें उरलें आहे.

पवित्र शास्त्रांतही ही जोडी आढळते. नहूम संदेष्टा निनवेच्या पाडावाचें वर्णन करितांना, तटापाशीं उभारलेल्या आडोशास जो हिब्रू शब्द योजितो, त्याच्या धातूचा अर्थ 'झांकणें' असा आहे. 91 व्या स्तोत्रांत (जुन्या लॅटिन प्रतींत तें 90 वें) परमेश्वर आपल्या भक्तास पंखांनीं झांकतो असें म्हटलें आहे. तेथें क्रियापद ह्याच धातूचें आहे. एकाच धातूपासून युद्धाचा आडोसाही निघाला आणि देवाची छायाही.

आमच्या मराठीसही हें नवें नाहीं. 'पाखर' म्हणजे लढाईंत हत्तीच्या वा घोड्याच्या अंगावर घालावयाचें चिलखत. आणि 'मायेची पाखर' म्हणजे काय, हें पोरक्या लेंकरास विचारावें. रणवाद्यांच्या गजरांत ज्या शब्दानें जनावराचें अंग झांकलें, त्याच शब्दानें आजी आपल्या नातवास पोटाशीं धरिते.

आतां ह्या वऱ्हाड प्रांताकडे वळूं. 1574 पासून वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहींत होतें. 1595 च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद ह्यानें अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) वेढा घातला. मोगल वेढ्याच्या विद्येंत निपुण होते. 1567–68 च्या चितोडच्या वेढ्यांत त्यांनीं तटापर्यंत जाण्यास आच्छादित मार्ग बांधिले होते, त्यांस 'साबात' म्हणत. अहमदनगरच्या तटाखालीं त्यांनीं सुरुंग पेरिले. कांहीं सुरुंग आंतील लोकांनीं शोधून निकामी केले. एक मात्र उडाला व तटास मोठें खिंडार पडलें. तेव्हां चांदबिबी अंगांत चिलखत, मुखावर बुरखा व हातांत नंगी तलवार अशी त्या खिंडारांत उभी राहिली, आणि रातोरात तट पुन्हां उभा करविला. ढाल आणि झगा एकाच देहावर एकत्र आल्याचें ह्याहून थोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. शहर वांचलें, पण 1596 च्या तहांत मोबदला म्हणून वऱ्हाड मोगलांस द्यावें लागलें. त्या वऱ्हाडांत आपलें लोणारही होतें. अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करितांना येथील सरोवराचा उल्लेख केला आहे. तट वांचविण्याची किंमत दूरच्या रयतेनें, धनी बदलून, मोजली. आडोसा कोणासाठीं उभारिला आणि उघडें कोण पडलें, हा प्रश्न इतिहासांत वारंवार येतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर एका शिपायानें दिलें आहे. संत मार्टिन रोमन सैन्यांत असतां, आमिएं शहराच्या वेशीशीं थंडीनें कुडकुडणारा एक भिकारी त्यांस भेटला. त्यांनीं तलवारीनें आपला झगा दुभंगून अर्धा त्यास दिला. झग्याचा तो तुकडा पुढें फ्रँक राजांनीं पवित्र ठेवा म्हणून जतन केला. त्याला 'कापेल्ला', म्हणजे लहान झगा, म्हणत. तो ज्या स्थानीं ठेवीत त्यासही तेंच नांव पडलें. 'चॅपल' हा शब्द त्यांतूनच आला, आणि झग्याची राखण करणाऱ्या धर्मगुरूंवरून 'चॅपलन' हाही.

तेव्हां, बंधुभगिनींनो, प्रार्थनामंदिराचें नांवच मुळीं वांटून दिलेल्या वस्त्रावरून पडलें आहे. वेढ्याची ढाल तिच्यामागें असलेल्यास झांकिते आणि समोरच्यावर चाल करण्यास साह्य करिते. मार्टिनचा झगा मात्र समोरच्यालाच झांकितो. आम्ही मंदिराच्या भिंती रंगविल्या, छप्पर शाकारिलें, हें योग्यच झालें. परंतु ह्या भिंतींचा आडोसा केवळ आम्हां आंतल्यांसच पुरला, तर ती नुसती ढाल ठरेल. दाराबाहेर जो थंडींत उभा आहे, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, त्याच्यावरही हिची पाखर पडो, हीच ह्या ज्युबिलीच्या प्रसंगीं प्रभुचरणीं आमची प्रार्थना.