वर्गव्यंजनांची नवी नेमणूक

शेतकऱ्याने टेलिफोन उचलून जिल्हा, बाजार आणि शेतमाल यांची नावे आपल्या बोलीत उच्चारावीत आणि यंत्राने सरकारी दप्तरातला त्या दिवसाचा भाव त्यास सांगावा, अशी तजवीज केंद्र सरकारच्या सहा भाषांच्या योजनेत झाली, तेव्हा मराठीचे काम मुंबईच्या आयआयटीकडे व टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आले.

अशा यंत्राची मुख्य अडचण ही की, कोणताही ध्वनी शेजाऱ्याच्या संगतीने रूप पालटतो. गंगा, घंटा, गंध आणि अंबा या शब्दांतील अनुस्वार चार ठिकाणी चार प्रकारे उच्चारला जातो. चाळीस ध्वनी मानले, तर मागचापुढचा शेजार धरून 64,000 प्रकार होतात, आणि त्या सर्वांचे पुरेसे नमुने कोणाच्याही संग्रहात नसतात. यावर केंब्रिजच्या यंग, ओडेल व वुडलंड यांनी 1994 साली मांडलेली युक्ती अशी की, शेजारी नासिक्य आहे काय, सघोष आहे काय, कंठ्य आहे काय, असे प्रश्न विचारीत जावे आणि ज्यांची उत्तरे जुळतील त्या प्रकारांना एकाच खात्यात बसवावे.

हे प्रश्न मराठी वाचकास परके नाहीत, कारण पाच वर्गांची पंचवीस व्यंजने स्थान, घोष व प्राण यांच्या क्रमाने लावणारी वर्णमाला तो बालपणीच पाठ करतो. प्रातिशाख्ये म्हणजे वेदांच्या उच्चारणाचे प्राचीन ग्रंथ; त्यांतील ही विद्या पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात पोचली. अमेरिकन पंडित व्हिटने याने अथर्वप्रातिशाख्याचे भाषांतर 1862 साली प्रसिद्ध केले. यावरून ऋषींना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

तथापि वर्णमालेवर सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही. पाच यातला च दंत्य, पंचवीस यातला तालव्य. लिपीत दोन्ही एकच, म्हणून यंत्राच्या उच्चारकोशात त्यांची नोंद निराळी हवी. हळद म्हणताना ळ मधला अ ऐकू येतो, हळदीला म्हणताना तो लोपतो. खुद्द कोल्हापूर या नावातला ह बोलण्याच्या ओघात इतका क्षीण होतो की पुष्कळांच्या तोंडी ते कोलापूरच असते. कोशात दोन्ही रूपे नसतील, तर या गावचा गुळाचा भाव विचारणाऱ्याचा पहिलाच शब्द फुकट जायचा.

अलीकडची यंत्रे उच्चारकोशावाचून थेट ध्वनिमुद्रणांवरून शिकतात, त्यामुळे मुद्रणे प्रामाणिक असणे अधिकच अगत्याचे झाले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल, गडहिंग्लज, चंदगडकडचे बोलणे टिपून घेणाऱ्यांनी बोलणाऱ्याकडून उच्चार शुद्ध करवून घेण्याचा मोह कृपा करून आवरावा.