देवाचा दरबार

रेव्हरंड ना. वा. टिळक म्हटलं की बहुतेकांना 'स्मृतिचित्रे'मधला लहरी, हातात पैसा न टिकणारा नवरा आठवतो. नाहीतर फुलामुलांचा कवी. मला मात्र त्यांची शेवटची दीड-दोन वर्षं राहून राहून आठवतात.

साल १९१७. वय पंचावन्न. कवी म्हणून नाव झालेलं, १९०४ पासून दीक्षित पाळक. या वयात माणूस उरलेल्या दिवसांचा हिशेब मांडतो. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला.

या दरबारात ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही जागा होती. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो!

आज हे वाक्य साधं वाटेल. पण बाप्तिस्म्याची किंमत टिळकांनी स्वतः मोजली होती. १८९५ साली त्यांनी तो घेतला आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, ती गोष्ट वेगळी. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जात, नाती, गाव सगळं तुटणं. ख्रिस्त आवडतो, पण आईला सोडवत नाही, अशा माणसाने बसायचं कुठे? दरबारात त्याला बसायला जागा होती.

पाळकाच्या बाजूनेही विचार करून पाहिला. ज्यांनी सगळं गमावून बाप्तिस्मा घेतला, त्यांना काय वाटेल? उंबरठाच नसेल तर घर कुठलं? प्रश्न खोटा नाही. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीपासून होत होतं. भजनाची गंमत अशी की एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी धरायचं. तिथे नुसतं ऐकत बसता येत नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ना घटना, ना निधी, सगळा डोलारा एका माणसावर. पण टिळकांचं चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त प्रेम सेवा संघ काढला, त्यावर टिळकांची छाया होती.

आणि गाणी? ती 'उपासना संगीत'मध्ये गेली. आजही मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची पदं म्हणतात. ज्या चौकटीबाहेर ते जाऊन बसले, त्या चौकटीनेच त्यांचा आवाज जपला.

दरबार मोडला खरा. पण धरणारे अजून आहेत.