वजनकाट्याची साक्ष अपुरी

‘वजन तर तेवढंच आहे, मग बीपी कुठून आलं?’ साठी ओलांडलेल्या बायका हे हमखास विचारतात. वजन वाढलं नाही, म्हणजे चरबीचा दोष नाही. दाब चढला तो वयाने, असा त्यामागचा समज. वयोमानाने धमन्या ताठर होतात, हे खरंच. स्थूल माणसाचं वजन उतरलं की दाबही उतरतो, हेही मान्य. पण म्हणून स्थिर काटा चरबीला निर्दोष ठरवत नाही.

चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते याला महत्त्व आहे, हे मार्सेयचे डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं आणि एरवी मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटाकडे वळते. वयाबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू गेले, चरबी आली; काटा जागच्या जागी! पोटातली ही चरबी मूत्रपिंडांवर दाब आणते, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्यांना हातभार लावते, इन्सुलिनचं काम बिघडवते. मग शरीरात मीठ-पाणी साठतं आणि दाब चढतो.

उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय तरी हे सांगतो का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१.

हे दोघे पुरुष, असा आक्षेप येईल. मग २०१९ चा अमेरिकी अभ्यास पाहा. रजोनिवृत्त झालेल्या, सामान्य बीएमआयच्या २,६८३ स्त्रियांत धडावर चरबी जास्त असलेल्यांना हृदयविकार-पक्षाघाताचा धोका अधिक आढळला. पायांवर जास्त असलेल्यांना कमी. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी ‘चरबी ती चरबी’ हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही.

तेव्हा वजनाशेजारी कंबरेचाही आकडा लिहावा. परकराची नाडी सैल होत जाते आणि वाढलेला घेर कळतच नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून टेप लावावी. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. टेप रक्तदाब मोजत नाही, तो यंत्रानेच मोजायचा. पण ‘वजन ठीक आहे’ एवढ्यावर रक्तदाबाची तपासणी पुढे ढकलण्याला आधार उरत नाही.