सिंगल साइन-ऑन म्हणजे काय? त्याचा डेमो कसा उभारतात?

समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत एक कॉम्प्युटर क्लास आहे. त्याच्या दोन साइट्स आहेत, एक हजेरीची आणि एक नोट्सची. दोन्हीकडे वेगळं खातं उघडायचं. विद्यार्थी काय करतात? दोन्हीकडे तोच पासवर्ड टाकतात. मग नोट्सच्या साइटवरून पासवर्ड फुटला की हजेरीचं खातंही उघडं पडतं.

सिंगल साइन-ऑनमध्ये, म्हणजेच एसएसओमध्ये, पासवर्ड फक्त एका सर्व्हरकडे असतो. त्याला आयडेंटिटी प्रोव्हायडर म्हणतात. नोट्सची साइट विद्यार्थ्याला या सर्व्हरकडे पाठवते. तो पासवर्ड तपासतो आणि एक तात्पुरता कोड देऊन परत धाडतो. साइट तो कोड दाखवून डिजिटल सही असलेलं टोकन मिळवते. पासवर्ड तिला कधी दिसतच नाही. पुढे हजेरीची साइट उघडली की सर्व्हर ब्राउझरमधल्या कुकीवरून विद्यार्थ्याला ओळखतो आणि पासवर्ड पुन्हा विचारत नाही. २०१४ साली आलेल्या ओपनआयडी कनेक्ट या मानकात हीच पद्धत आहे. अनेक साइट्सवर दिसणारं 'गूगलने लॉगिन करा' हे बटणही असंच चालतं. एका खात्यावर अनेक सरकारी सेवा देणारी केंद्र सरकारची 'मेरी पहचान' सेवा २०२२ साली सुरू झाली, तीही एसएसओच.

डेमोसाठी कीक्लोक हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर सोयीचं पडतं. डॉकर असेल तर ते एका कमांडवर 'स्टार्ट-डेव्ह' मोडमध्ये सुरू होतं आणि ८०८० पोर्टवर दिसतं. त्यात एक रेल्म, म्हणजे आपल्या युजर्सचा स्वतंत्र विभाग, तयार करायचा. दोन्ही साइट्स क्लायंट म्हणून नोंदवायच्या आणि एक चाचणीचा युजर बनवायचा.

पहिल्या दिवशी बहुतेक वेळ खातो तो रिडायरेक्ट पत्ता. लॉगिननंतर कुठे परतायचं तो पत्ता अक्षर न अक्षर जुळावा लागतो, नाहीतर एरर येते. वैतागून तिथे नुसता तारा (*) टाकणारे पुष्कळ. डेमो लगेच चालतो, पण कोड कुठल्याही पत्त्यावर जाऊ शकतो. म्हणजे चोरालाही तोच रस्ता मोकळा.

दुसरी अडचण भाड्याच्या सर्व्हरवर येते. लॅपटॉपवर नीट चाललेलं कीक्लोक इंटरनेटवरून उघडताच 'एचटीटीपीएस आवश्यक' म्हणून अडवतं. ही तपासणी बंद करता येते, पण करू नये, कारण मग पासवर्ड वाटेत उघडाच जातो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. शिवाय 'स्टार्ट-डेव्ह' मोड फक्त चाचणीपुरता आहे, खऱ्या विद्यार्थ्यांची खाती त्यावर ठेवू नयेत.

लॉगआउट मात्र आवर्जून तपासावं. नोट्सच्या साइटवर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन दाबायचं. पासवर्ड न विचारता आत घेतलं, तर साइट तेवढी बंद झाली, मुख्य सर्व्हरवरचं सत्र चालूच आहे. कीक्लोकमध्ये मूळ सेटिंगनुसार ते ३० मिनिटं वापर नसेल तर संपतं, आणि वापर चालू असला तरी १० तासांनी. क्लासमधल्या सामायिक कॉम्प्युटरवर तेवढ्या वेळात पुढच्या बॅचचा मुलगा त्याच खुर्चीत येऊन बसतो.