बटाट्याचा डोळा

मराठी घरांत बटाट्यांची टोपली बहुधा स्वयंपाकघराच्या काळोख्या कोपऱ्यांत असते. पावसाळ्याच्या अखेरीस गृहिणीनें तींत हात घातला, म्हणजे एखाद्या बटाट्यास फुटलेला फिकट कोंब तिच्या बोटांस लागतो. कोणी तो बटाटा फेकून देते, कोणी कोंब खुडून उरलेला भाग चिरते. आणि एखादी वडीलधारी बाई तो परसांत, मोरीच्या पाण्यावर माजलेल्या अळवाच्या शेजारीं, पुरून टाकते. उसाच्या कांड्यावर जो अंकुर असतो त्यास शेतकरी डोळा म्हणतो, आणि बटाट्यावर असतो त्यासही डोळाच म्हणतो. शब्द मोठा समर्पक आहे. कारण हा डोळा मिटलेला असतो, व ऋतु येतांच उघडतो. याच डोळ्यावर १९४२ सालीं एका विशाल देशाची पोटाची चिंता येऊन ठेपली होती. ती हकिकत शहाण्या माणसानें समजून घेण्यासारखी आहे.

बटाटा हें फळ नव्हे, आणि मूळही नव्हे. तें जमिनीखालीं वाढलेलें व अन्नानें फुगलेलें खोड होय. खोडाच्या पेऱ्यावर जसे अंकुर असतात, तसेच बटाट्यावर डोळे असतात. वेलीस चिकटलेल्या बाजूस ते विरळ असतात, व उलट टोकास, म्हणजे शेंड्याकडे, दाट असतात. शेंड्याकडील डोळा सर्वांत आधीं जागा होतो, आणि तो वाढीस लागला म्हणजे खालच्या डोळ्यांस दाबून ठेवतो. म्हणून पुरेसा गर राखून शेंड्याचा तुकडा कापला, तर त्यापासून नवें झाड होऊं शकतें, व उरलेला बटाटा भाजीस मोकळा राहतो. मात्र कोंबांत आणि हिरव्या पडलेल्या सालींत विषारी द्रव्य असतें. तो भाग लावावा, खाऊं नये.

ही युक्ति कोणा एका पंडिताच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. बटाट्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो स्पेनमार्गें युरोपांत आला. आपल्याकडे पोर्तुगीजांनीं आणला, आणि आपलें नांवही त्यांच्याच भाषेंतून मराठीस देऊन गेला. अठराव्या शतकांत आयर्लंड व इंग्लंड येथील शेतकरी एका बटाट्याच्या चारचार फोडी करून, प्रत्येक फोडीवर डोळा राखून, त्यांची लागवड करीत असत. गरिबीनें शिकविलेली ही विद्या होती. जें बेणें म्हणून पुरावें तेंच जेवण म्हणून शिजवावें लागतें, हा प्रत्येक बटाटेकरी कुणब्याचा जुना पेंच आहे.

हा पेंच रशियास १९४१ सालीं पडला. त्या वर्षीं २२ जून रोजीं जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आंत शिरलें, आणि सुपीक प्रांत एकामागून एक हातचे गेले. पुढील वसंतांत बेणें आणावें कोठून? तेव्हां सरकारानें आज्ञा दिली, कीं घरांत व खानावळींत जो बटाटा शिजावयाचा, त्याचें शेंड्याकडील टोक कापून राखावें. वरवर पाहतां ही काटकसर क्षुल्लक वाटते. हिशेब केल्यास तसें वाटत नाहीं. एका हेक्टरांत, म्हणजे सुमारें अडीच एकरांत, चाळीस ते पन्नास हजार झाडें बसतात. पन्नास ग्रॅमांचा एकेक अखंड बटाटा लावला, तर दोन ते अडीच टन माल मातींत जातो. त्याऐवजीं बारा ग्रॅमांचें टोक लावलें, तर पांचसहाशें किलोग्रॅमांत काम भागतें. उरलेले दीडदोन टन माणसांच्या पोटांत जातात.

अर्थात् निसर्ग कोणास फुकट कांहीं देत नाहीं. मोठ्या बटाट्याच्या पोटांत कोवळ्या रोपाची शिदोरी असते. टोकाजवळ ती थोडी असते. थंडी, उशिरां आलेला पाऊस, कडक जमीन यांपुढें असें रोप लवकर मान टाकतें. ओला काप तसाच पुरला तर कुजतो. म्हणून तो आधीं सुकवून त्यावर खपली धरूं द्यावी लागते. शिवाय हिवाळाभर हीं टोकें गोठण्यापासूनही राखावीं लागतात, व सडण्यापासूनही. तरीसुद्धां अडचणीच्या काळीं उपाय कामाचा होता, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु उपाय लागू पडावयास आधीं घरांत बटाटा असावा लागतो. लेनिनग्राड नगरांत तोच नव्हता. ८ सप्टेंबर १९४१ रोजीं या नगरास जमिनीकडून वेढा पडला. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत बहुसंख्य नागरिकांस दिवसास १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यांतही निव्वळ पीठ थोडें व भेसळ पुष्कळ. वेढा २७ जानेवारी १९४४ पर्यंत चालला. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत तेथील उपासमारीच्या बळींचा आकडा सुमारें ६ लक्ष ३२ हजार सांगितला गेला. पुढील इतिहासकारांनीं तो याहूनही मोठा मानला आहे. अशा नगरांत सालपट मागें ठेवील कोण?

तरीही त्या नगरांत एका ठिकाणीं बटाटे होते. सेंट आयझॅक चौकांत वनस्पतिसंशोधनाची मोठी संस्था होती. निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञानें पृथ्वीपर्यटन करून, व सहकाऱ्यांस देशोदेशीं पाठवून, तेथें बियांचे सुमारें अडीच लक्ष नमुने जमविले होते. त्यांतील बटाट्यांचे मूळ नमुने अँडीजच्या उतारांवरून आलेले होते. बी डबींत वर्षानुवर्षें टिकतें. बटाटा टिकत नाहीं. तो दर वर्षीं लावावा लागतो, व हिवाळ्यांत ऊब देऊन जपावा लागतो. नगराबाहेर पावलोव्स्क येथील शेतांत हे वाण उभे होते. शत्रु जवळ येत असतां अब्राम कामेराझ व ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनीं तोफांच्या माऱ्याखालीं ते खणून नगरांत आणले. पुढें तळघरांत त्यांची राखण झाली. जळण मिळेल तेथून आणून तळघर गोठूं दिलें नाहीं. राखण करणारे स्वतः उपाशी होते. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इवानोव व भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन हे त्या वेढ्यांत अन्नावांचून मरण पावले. त्यांच्या हवालीं धान्य असतां मरण पावले. बटाट्यांचे वाण मात्र वांचले, आणि १९४२ च्या वसंतांत पुन्हां मातींत गेले.

ज्यानें हा संग्रह उभा केला, तो वाविलोव त्या वेळीं कोठें होता? त्यास ऑगस्ट १९४० मध्यें अटक झाली होती. आनुवंशिकतेचें जें शास्त्र तो मानीत असे, तें राज्यकर्त्यांच्या मर्जीतून उतरलें होतें. आणि त्याच्या विरोधकांचा अग्रणी त्रोफिम लिसेंको हा १९३८ पासून कृषिअकादमीचा अध्यक्ष झाला होता. जगास पोटभर अन्न मिळावें म्हणून धान्यें गोळा करणारा वाविलोव २६ जानेवारी १९४३ रोजीं सारातोवच्या तुरुंगांत उपासमारीनें खंगून मेला. त्याच १९४३ सालीं लिसेंकोस स्टालिन पारितोषिक मिळालें. तें कशाबद्दल? खाण्याच्या बटाट्यांच्या टोकांपासून लागवड करण्याच्या पद्धतीबद्दल! जी विद्या आयर्लंडच्या कुणब्यास अठराव्या शतकांत ठाऊक होती, तिच्यावर राजमुद्रा उठली. आणि ज्याच्यामुळें अँडीजचा बटाटा त्या नगरांत सुरक्षित होता, त्याची कबर कोठें आहे हेंही लोकांस नीट कळलें नाहीं. १९५५ सालीं वाविलोवची शिक्षा रद्द झाली, १९६५ सालीं लिसेंकोची सत्ता संपली, आणि १९६७ सालीं त्या संस्थेस वाविलोवचें नांव देण्यांत आलें. न्याय झाला, पण ज्याचा झाला तो पाहावयास उरला नव्हता.

१९४२ च्या उन्हाळ्यांत लेनिनग्राडच्या बागा व मैदानें खणून लोकांनीं भाजीपाला लावला. सेंट आयझॅकच्या भव्य मंदिरासमोर, त्या संस्थेच्या दारापुढील चौकांत, कोबीचे गड्डे उभे राहिले. ज्यांच्या अंगांत हिवाळ्यानंतर कुदळ उचलण्याचें त्राण उरलें होतें, त्यांनीं तें काम केलें.

या इतिहासाचा बोध साधा आहे. सालपटाचा व टोकाचा सदुपयोग करणें हा गृहस्थधर्म आहे, व तो कोणीही पाळावा. पण टाकाऊ तुकड्यापासून अन्न उगवतें तें त्याच्या अंगीं डोळा शिल्लक असतो म्हणून. आणि तो डोळा शिल्लक राहतो तो कोणी तरी स्वतःची भूक आवरून बेणें मोडूं दिलें नाहीं म्हणून. कितीही अडला तरी बेणें खाऊं नये, हें आपला कुणबी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. टोपलींतला कोंब फुटलेला बटाटा परसांत पुरणारी आजीबाई लेनिनग्राडचें नांवही जाणत नसेल. पण त्या तळघरांतील माणसांनीं जें व्रत प्राणापलीकडे पाळलें, तेंच ती आपल्या परीनें पाळीत असते.