बदकांच्या पिल्लांतील मरतूक

बदकांच्या पिल्लांतील मरतूक : अंड्यातून बाहेर पडल्यापासून साधारण सहा आठवड्यांच्या आत पिल्लांत होणारे मृत्यू. पक्षिपालक या सगळ्यांना मिळून ‘मरतूक’ म्हणतात. हे एका रोगाचे नाव नाही. संध्याकाळी दाणे टिपणारी पिल्ले सकाळी गादीवर ताठ पडलेली दिसतात आणि घरात कोणालाच कारण सांगता येत नाही, तेव्हा हा शब्द उपयोगी पडतो. पण कारण सापडत नाही याचा अर्थ बहुधा ते कोणी शोधलेले नसते. पिल्लू कितव्या दिवशी मेले, कोणत्या स्थितीत मेले आणि त्याच्या पायाखाली व पुढ्यात काय होते, एवढे पाहिले तरी निम्मा उलगडा होतो. औषधाची बाटली त्यानंतरची.

पहिल्या चार-पाच दिवसांतल्या मृत्यूंचे मूळ अनेकदा अंड्यात असते. बदकी चिखलात, ओल्या गवतात, कुठेही अंडी घालते. अशी मळकी अंडी उबवली की कवचातून जंतू आत जातात. पिल्लाच्या पोटात उरलेला बलक त्याला पहिले दोन-तीन दिवस पोसतो. तोच बलक नासला तर पोट फुगते, बेंबी ओली व लाल राहते आणि पिल्लू सुकत जाऊन मरते. या दुखण्यावर पिल्लांपेक्षा उबवणीची स्वच्छता हाच इलाज. गावाकडे बदकाची अंडी अजूनही खुडूक कोंबडीखाली ठेवतात. बदकाच्या बहुतेक जातींना २८ दिवस लागतात, मस्कोव्हीला ३५. कोंबडी स्वतःच्या अंड्यांच्या हिशेबाने २१ दिवसांची तयारी करून बसलेली असते; शेवटच्या आठवड्यात ती उठून गेली तर अंडी गार पडतात आणि निघालेली पिल्ले मुळातच अशक्त असतात.

त्यानंतरचे कारण थंडी व ओल. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. तापमापी नसली तरी पिल्लेच सांगतात. रात्री बॅटरी मारून पाहावे : दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून ढीग झाला असेल तर ऊब कमी, भिंतीकडे सरकून चोची उघड्या असतील तर जास्त, सगळीकडे विखरून झोपली असतील तर ठीक. ढिगाच्या तळाची पिल्ले गुदमरतात, आणि सकाळी त्यांनाच ‘अचानक मेली’ म्हणतात. बदकाचे पिल्लू पाण्याने मरते हे ऐकून लोक हसतात. पण पहिल्या आठवड्यांत त्याची तैलग्रंथी पुरेशी काम करत नाही, लव भिजते आणि अंग गारठते. म्हणून पाण्याचे भांडे ५ ते ७.५ सेंटिमीटर खोल असावे. त्यात चोच आणि डोके बुडावे, अंग नको. भाताच्या तुसाची गादी ओली राहिली तर तिच्यात ॲस्परजिलस बुरशी वाढते. तिचे बीजाणू फुप्फुसात गेले की पिल्लू मान उंचावून, चोच उघडून धापा टाकते. कोंबडीच्या खुराड्यात दोन दिवस चालून जाणारी ओल बदकांच्या खुराड्यात चालत नाही, कारण ती ओल बदके स्वतःच रोज नव्याने तयार करतात.

खाद्याचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. पिल्लू खाताना पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते : चोचभर भरडा घेतला की ते धावत पाण्याकडे जाते, चोच खळबळून धुते आणि परत येते. कोरडा भरडा पुढे आणि पाणी संपलेले, अशा वेळी घशात बोळा अडकून पिल्ले मरतात. बदकांपुढे पाण्याशिवाय खाद्य कधीच ठेवू नये, हा नियम म्हणूनच सांगितला जातो.

दुसरी चूक म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य तसेच पुढे करणे. अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे २७ मिलिग्रॅम नायसिन हे जीवनसत्त्व पुरते, पेकिन बदकाच्या पिल्लाला ५५ लागते. ट्रिप्टोफॅनपासून ते स्वतः तयार करण्याची बदकांची क्षमता तोकडी असते, आणि मक्यातले नायसिन अशा रूपात असते की ते अंगी फारसे लागत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घोट्याचा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसूनच सरकते आणि खाद्यापर्यंत पोचत नाही म्हणून उपाशी मरते. वेळीच खाद्यात यीस्ट किंवा नायसिन मिसळले तर पाय सावरतात. हाडे वाकून गेल्यावर उपयोग होत नाही.

खाद्यातून येणारे तिसरे कारण बुरशीचे विष. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण न कळल्याने दुखण्याला ‘टर्की-एक्स’ असेच नाव पडले. त्याच सुमारास बदकांची पिल्लेही मरत होती. शोध ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोचला आणि तिच्यातल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीवरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. एका दिवसाचे, ५० ग्रॅम वजनाचे पिल्लू सुमारे १८ मायक्रोग्रॅम विषाने मरू शकते. ते इतके नाजूक असल्याने पुढे अनेक वर्षे प्रयोगशाळांत हे विष ओळखण्यासाठी बदकाची पिल्लेच वापरली गेली. आपल्याकडे भुईमुगाची पेंड आणि पावसात भिजलेला मका ही दोन्ही खाद्ये सर्रास वापरात आहेत. गुरांना चालते म्हणून कुबट वासाची पेंड पिल्लांपुढे टाकणे म्हणजे त्यांना विष घालणेच होय.

संसर्गजन्य रोगांत पिल्लांचा खरा काळ म्हणजे विषाणुजन्य यकृतदाह. १९४९ च्या वसंतात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पांढऱ्या पेकिन बदकांच्या कळपांत तो प्रथम नोंदला गेला. लेव्हिन व फॅब्रिकंट यांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पेकिन बदके अमेरिकेत १८७३ मध्ये चीनमधून आली होती आणि १९४९ पर्यंत लाँग आयलंड हे बदकपालनाचे मोठे केंद्र झाले होते. या रोगाचा झपाटा विलक्षण असतो. पिल्लू कळपाच्या मागे पडते, डोळे अर्धवट मिटून बसते, मग एका कुशीवर कलंडते. पाय सायकल मारल्यासारखे झटकू लागतात, मान मागे वळून पाठीला टेकते, आणि तास-दोन तासांत सगळे संपते. मेलेली पिल्ले मान मागे टाकून, पाय ताणून पडलेली असतात. हे रूप एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. पोट उघडले की यकृत मोठे झालेले आणि त्यावर रक्ताचे ठिपके व चट्टे विखुरलेले दिसतात. एका आठवड्याच्या आतली पिल्ले असतील तर ९५ टक्क्यांपर्यंत मरतात आणि बहुतेक मृत्यू तीन-चार दिवसांत आटोपतात. महिन्याच्या पुढे रोगाचा जोर ओसरतो. मोठी बदके त्याच आवारात निर्धास्त हिंडतात, त्यामुळे मालकाला हा संसर्ग आहे हेच पटत नाही. वाचलेली पिल्ले आठ आठवड्यांपर्यंत विष्ठेतून विषाणू टाकत राहतात. प्रतिजैविकांचा येथे काहीही उपयोग नाही. व्यापारी फार्मवर पैदाशीच्या माद्यांना लस देतात. तिचे संरक्षण बलकातून पिल्लांना मिळते. साथ सुरू झाल्यावर प्रतिपिंडयुक्त द्रव्य टोचूनही पिल्ले वाचवता येतात, मात्र ते पहिल्या काही तासांत व्हायला हवे.

रायमेरेला ॲनाटिपेस्टिफर या जिवाणूचा रोग तुलनेने संथ असतो. तोही लाँग आयलंडवरच, १९३२ मध्ये, ‘नवा बदकरोग’ म्हणून वर्णिला गेला. एक ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत डोळ्या-नाकातून स्राव, हिरवट हगवण, डोके व मान थरथरणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. हृदय व यकृत यांवर पांढुरका पापुद्रा चढतो. येथे योग्य प्रतिजैविक कामी येते, पण कोणते, हे जिवाणूची चाचणी करूनच ठरवावे लागते.

बदकांचा प्लेग पिल्लांपुरता मर्यादित नाही. १९२३ मध्ये नेदरलँड्समध्ये बोदे यांनी तो नोंदवला तेव्हा त्यांना तो कोंबड्यांच्या प्लेगचाच प्रकार वाटला. तो वेगळा विषाणू असल्याचे बॉस यांनी १९४२ मध्ये दाखवले. भारतात पश्चिम बंगालमध्ये १९६० च्या दशकात त्याची खात्रीशीर नोंद झाली. त्यावर लस आहे.

बर्ड फ्लूचा विचार या यादीत सर्वांत शेवटी येतो, पण धोक्याने तो पहिला. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत आढळला. भारतातला तो पहिलाच उद्रेक. केरळच्या कुट्टनाडमध्ये कापणी झालेल्या भातखाचरांतून बदकांचे मोठे कळप फिरवत नेतात. तेथे २०१४ मध्ये बदकांनाच त्याचा फटका बसला. बदक काही वेळा लक्षणे न दाखवताही हा विषाणू बाळगते. म्हणून अनेक पक्षी एकाच वेळी मरू लागले तर घरच्या सुरीने पोट फाडून पाहू नये आणि उरलेले पक्षी घाईने बाजारात विकू नयेत.

महाराष्ट्रातला नवा बदकपालक बहुधा कोंबडीपालनातून आलेला असतो आणि मरतूक दिसली की हात कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या लसीकडे किंवा दुकानातल्या प्रतिजैविकाकडे जातो. मानमोडीने बदके क्वचितच आजारी पडतात. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, आणि बुरशीच्या विषावर तर कोणतीच गोळी नाही. दोन दिवस औषध पाजण्यात जातात, तोवर मेलेली पिल्ले नाल्यात गेलेली असतात व त्यांच्याबरोबर पुरावाही. तोच नाला पुढे घुशींना आणि दुसऱ्याच्या बदकांना खुला असतो. कुजलेल्या मृत पक्ष्यांवरच्या अळ्या खाऊन बोट्युलिझमने मान लुळी पडलेली बदके उन्हाळ्यात साचलेल्या डबक्यांच्या काठी सापडतात, ती अशीच.

मेलेले पिल्लू दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून, भोवती बर्फ ठेवून, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. ते गोठवू नये. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत फार काही हाती लागत नाही. शक्य असल्यास नुकतेच आजारी पडलेले एखादे जिवंत पिल्लूही सोबत द्यावे. बरोबर खाद्याची मूठभर पुडी, अंडी फुटल्याची तारीख आणि रोज किती मेली याचा कागद असावा. तालुक्याला निदान झाले नाही तर नमुना पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो, आणि बर्ड फ्लूची शंका असल्यास तेथून भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत.